पायी उतारूंची बेटं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून बेटांकडे जाणाऱ्या बोटीत भर उन्हाळ्यात गाडी घालायची असेल, तर जागा कित्येक आठवडे आधी धरून ठेवावी लागते. पाठीवर पिशवी आणि हातात तिकीट एवढाच पसारा असेल, तर बोट सुटायच्या थोडं आधी धक्क्यावर पोचलं तरी बहुधा काम भागतं. एकाच बोटीचे हे दोन हिशेब. गाडीवाला प्रतीक्षायादीवर नाव लावून रांगेत बसलेला असतो, आणि पायी उतारू वरच्या मजल्यावर खिडकीपाशी जागा पकडून मॅकरोनी-चीज खात असतो. या पुस्तकातला सगळा प्रवास दुसऱ्या हिशेबाने केलेला आहे.

हेब्रिडीज म्हणजे शेकडो बेटांचा पसारा. माणूस राहतो तो त्यातल्या पन्नासएक बेटांवर. किनाऱ्याला लगटून असलेल्या बेटांना इनर हेब्रिडीज म्हणतात: स्काय, मल, आयोना, आयला, जुरा, कॉल, टायरी, आणि एग-मक-रम-कॅना ही चार छोटी. त्यापलीकडे, अटलांटिकच्या तोंडावर, दोनशे किलोमीटर लांबीची एक माळ आहे. ती आउटर हेब्रिडीज. दक्षिणेला वॅटरसे आणि बॅरा, मग एरिस्के, साउथ यूइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ यूइस्ट, बर्नरे, आणि उत्तरेला हॅरिस-लुईस. एवढ्या लांबलचक माळेवर माणसं किती, तर जेमतेम २६ हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त असतात.

या सगळ्यांना मुख्य भूमीशी जोडून ठेवते ती कॅलेडोनियन मॅकब्रेन ही सरकारी मालकीची बोट कंपनी. दोन जुन्या कंपन्या एकत्र करून ती १९७३ मध्ये झाली. बेटांवर तिला सगळे 'कॅलमॅक' म्हणतात. काळी कूस, पांढरे मजले, लाल धुराडं आणि त्यावर पिवळ्या गोलात लाल सिंह. तिच्याविषयी बेटांवर जे बोललं जातं, ते आपल्याकडे एसटीविषयी बोललं जातं त्याच सुरातलं असतं. शिव्याही तिलाच, आणि तिच्यावाचून पान हलत नाही हेही खरं.

गाडी का नेली नाही, हे आधी सांगून टाकतो. भारतीय लायसन्सवर तिथे वर्षभर गाडी चालवता येते, रस्ताही आपल्यासारखाच डाव्या बाजूने, त्यामुळे अडचण होती असं म्हणता येणार नाही. सुरुवातीचं कारण पैशाचंच होतं. भाड्याची गाडी, तिचा विमा, तिचं बोटभाडं ही बेरीज केली की तेवढ्यात आणखी चार बेटं पाहून होतात. पुढे मात्र पैशाचा मुद्दा मागे पडला आणि वेगळीच गोष्ट दिसायला लागली. या बेटांवर टंचाई असते ती बोटीच्या पोटातल्या जागेची, आणि ती जागा बेटावरच्या माणसाला पाहुण्यापेक्षा कितीतरी जास्त लागते.

याचा इतिहास फार जुना नाही. २००८ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने बोटभाडं ठरवण्याची नवी पद्धत काही मार्गांवर लागू करून पाहिली: तेवढंच अंतर रस्त्याने गेलं असतं तर जो खर्च आला असता, त्याच्याशी बोटभाडं बांधायचं. बेटावरच्यांना स्वस्तात ये-जा करता यावी हा हेतू. २०१५ पर्यंत ही पद्धत कॅलमॅकच्या सगळ्या मार्गांवर आली. भाडं उतरलं, तशा गाड्या वाढल्या, आणि त्यांच्या मागोमाग घराएवढ्या कॅम्पर व्हॅन आल्या. बोटी मात्र त्याच राहिल्या. त्यातल्या काही ऐंशीच्या दशकात बांधलेल्या. नव्या बोटींची गोष्ट तर त्या देशात चेष्टेचा विषय झाली. 'ग्लेन सॅनॉक्स' ही बोट २०१५ मध्ये ग्लासगोजवळच्या कारखान्यात बांधायला दिली. २०१७ मध्ये तिचं जलावतरण थाटात झालं, तेव्हा तिच्या पुढच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. तिच्यात प्रवासी चढले ते जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात एखादी जुनी बोट बंद पडली की दुसऱ्या मार्गावरची उचलून तिथे लावायची, असा कारभार चालला. तो ज्यांच्या अंगावर आला, त्या साउथ यूइस्टच्या लोकांनी जून २०२३ मध्ये लॉखबॉइझडेलच्या धक्क्यावर शेकडोंनी जमून, गाड्यांची रांग लावून निषेध केला.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली, की धक्क्यावरची रांग नुसती रांग राहत नाही. तिच्यात मेंढ्यांचा ट्रक असतो. इस्पितळाची तारीख मिळालेलं म्हातारं जोडपं असतं. घराच्या छपराचे पत्रे लादलेला टेम्पो असतो. आणि त्यांच्या मागेपुढे तीन-तीन गाड्यांची जागा अडवणाऱ्या दोन व्हॅन, ज्यांच्यात आठवड्याचा किराणा मुख्य भूमीवरच्या सुपरमार्केटातून भरून आणलेला. पायी उतारू यातली कुणाचीच जागा खात नाही. शिवाय त्याच्याजवळ किराणा वाहायला जागा नसल्यामुळे तो पाव, दूध, बटाटे बेटावरच्या दुकानातूनच घेतो, आणि दोन दिवस वाऱ्यामुळे बोट आली नाही की पावाचं फडताळ रिकामं होतं, तेव्हा बेटावरच्यांबरोबर तोही बिस्किटांवर राहतो. व्हॅनवाल्यांना मी नावं ठेवतो आहे असं कुणाला वाटेल. थोडी ठेवतोच आहे.

या प्रवासातलं मला सगळ्यात आवडतं ते बोट धक्क्याला लागतानाचं काम. गाडीवाल्यांना ते बघायलाच मिळत नाही. बेट जवळ आलं की भोंग्यावरून, आधी गेलिक मग इंग्रजी, सूचना होते: गाडीवाल्यांनी खाली आपापल्या गाडीत जाऊन बसावं. मंडळी लोखंडी जिने उतरून खाली जातात आणि डिझेलच्या वासात, कृत्रिम उजेडात, समोरच्या गाडीची मागची काच बघत बसतात. पायी उतारू त्या वेळी कठड्यापाशी उभा असतो. इंजिनाचा आवाज उतरतो, बोट अंग चोरल्यासारखी तिरकी होत धक्क्याकडे सरकते. पिवळं जाकीट घातलेला एक खलाशी पुढे येतो. त्याच्या हातात वेटोळं केलेली बारीक दोरी, टोकाला वजनाची गाठ. तो हात मागे नेऊन ती भिरकावतो. धक्क्यावरचा माणूस ती हवेतच झेलतो किंवा पायाशी पडली की उचलतो, आणि ओढायला लागतो. बारीक दोरीच्या मागून मांडीएवढा जाड, पाणी ठिबकणारा दोरखंड येतो; त्याचा फास लोखंडी खुंट्यावर चढतो, बोटीवरचं रहाट फिरतं, दोर कुरकुरत ताणला जातो. वारा उलटा असला की ही फेक दोनदा-तीनदा करावी लागते आणि कठड्यावरची मुलं मोजतात. मग कितीतरी बोटींची नाळच दरवाजासारखी वर उचलली जाते, धक्क्याचा पूल भरती-ओहोटीच्या पातळीला जुळवून खाली येतो, आणि पहिली गाडी बाहेर पडायच्या आत धक्क्यावरच्या दोन-तीन जणांनी कठड्यावरच्या ओळखीच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा सुरू केलेल्या असतात.

काही बेटांवर तर पाहुण्याची गाडी चालतच नाही. आयोना त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं. इ.स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या कोलंबा नावाच्या साधूने तिथे मठ स्थापला, आणि स्कॉटलंडच्या ख्रिस्ती परंपरेचं ते एक मूळपीठ झालं. मुख्य भूमीवरच्या ओबनहून मलपर्यंत एक बोट, मलवर सव्वा तासाची बस, मग दहा मिनिटांची छोटी बोट. ही साखळी इतकी चालती आहे की गाडी आणणारेसुद्धा शेवटच्या धक्क्यावर गाडी लावून आमच्या रांगेत येऊन उभे राहतात. आयोनाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी थोडक्यात आटोपलं आहे.

एगवर मात्र मी रेंगाळलो आहे. मॅलेग बंदरातून 'लॉखनेविस' ही बोट चार छोट्या बेटांना फिरते, पण रोज चारही बेटांना नाही. सोमवारचा क्रम वेगळा, गुरुवारचा वेगळा, शनिवारी आणखी काही. आज एगला उतरलात तर उद्या मकला जाता येईलच असं नाही. कदाचित आधी मॅलेगला परत यावं लागेल. वेळापत्रकाचा कागद पसरून हे गणित सोडवणं हा छंद आहे, आणि तो जडला की सुटत नाही. पाहुण्यांच्या गाड्यांना या बेटांवर परवानगी नाही, त्यामुळे उतरणारे सगळे एका पातळीवर येतात.

एगची माणसं शंभराच्या थोडी वर. कित्येक पिढ्या हे बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे, एखाद्या बंगल्यासारखं, विकलं जात होतं. जून १९९७ मध्ये रहिवाशांनी देणग्या गोळा करून, विश्वस्त संस्था स्थापून ते स्वतःच विकत घेतलं. २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर चालणारी बेटाची स्वतःची वीजव्यवस्था उभी राहिली. तोवर घरोघरी डिझेलचे जनित्र धडधडत असत. आता दर घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा आहे: किटली चालू असताना वॉशिंग मशीन लावायचं का, याचा विचार करायचा. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटत नाही; नवल वाटतं ते मर्यादा सर्वांना सारखी आहे आणि ती त्यांनीच ठरवली आहे याचं. धक्क्यावरून निघून, बेटाच्या माथ्यावर असलेल्या 'स्गुर' नावाच्या ३९३ मीटर उंचीच्या काळ्या कड्यावर चढून, परतीची बोट गाठता येते. ज्या दिवशी वेळापत्रक मधे पुरेसे तास ठेवतं त्या दिवशी.

एगला मोठी बोट लागेल असा धक्का २००४ पर्यंत नव्हता. बोट बाहेर उभी राहायची, बेटावरून लहान होडी यायची, आणि माणसं, टपाल, सिमेंटच्या गोण्या, कधी वासरूसुद्धा तिच्यात उतरवलं जायचं. तिथल्या एका बाई हे सांगत होत्या तेव्हा मला आमच्या आजीचा आवाज ऐकू येत होता. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी किनाऱ्याने जाणारी बोट कोकणातल्या कितीतरी बंदरांत अशीच खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या कुशीला लागे. आजी सांगायची, लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून ओढायचे, त्या क्षणी पाय उचलला नाही तर पुढच्या लाटेपर्यंत लोंबकळायचं. पोरांना तर पार्सलासारखं झेलत. पोटात बोट लागलेली, डोक्यावर पावसाची झड, आणि काखेत फणस. कोकणची ती बोटसेवा रस्त्यांनी आणि रातराणी गाड्यांनी हळूहळू संपवली. तिच्याविषयी आपल्याकडे हळहळ पुष्कळ आहे; बोटी चालू ठेवायला काय पडतं याचा विचार त्या मानाने कमी झाला. हेब्रिडीजमध्ये तो दर वर्षी विधिमंडळात भांडून केला जातो, म्हणून तिथे अजून बोट येते.

रस्ता आला की काय होतं, हे पाहायला स्काय आहे. १९९५ मध्ये त्याला पूल जोडला गेला. टोल सुरुवातीपासून लोकांच्या डोळ्यांत खुपत होता, आंदोलनं झाली, आणि डिसेंबर २००४ मध्ये तो उठला. बेटावरच्यांची सोय झाली हे निर्विवाद. पण आता उन्हाळ्यात तिथल्या नावाजलेल्या जागांच्या आधी एकेरी रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागते, आणि बस त्याच रांगेत अडकते. स्काय सुंदर आहे, म्हणून या पुस्तकात ते फक्त बोट बदलायची जागा म्हणून आलं आहे.

आउटर हेब्रिडीजची माळ दक्षिणेकडून उत्तरेला ओवत जाणं हा या पुस्तकाचा मोठा भाग. ओबनहून बॅराच्या कॅसलबे बंदरापर्यंत बोट पावणेपाच तास घेते. बंदराच्या मधोमध पाण्यातून वर आलेला किसिमुलचा किल्ला पाहून जंजिरा आठवला नाही तर तो मराठी माणूस कसला. आकाराने मात्र हा त्याच्यापुढे अगदीच बाळ. बॅराला लागून वॅटरसे आहे. १९८६ मध्ये वॅटरसेचा बर्नी नावाचा नामांकित वळू खाडी पोहून बॅराला नेताना बुडाला. गुरं बाजाराला न्यायची तर पोहवतच नेण्याची तिथली रीत होती. वळवाची बातमी देशभर गाजली आणि कित्येक वर्षं मागणी होत असलेला बांध १९९१ मध्ये तयार झाला. माणसांच्या अर्जांनी जे होत नव्हतं ते त्या वळवाने केलं, असं बॅराचे लोक हसत सांगतात.

बॅराहून एरिस्केला चाळीस मिनिटांची बोट. उतरल्यावर डब्ल्यू-१७ क्रमांकाची बस मिळते, आणि ती एरिस्के, साउथ यूइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ यूइस्ट, बर्नरे ही बेटं दगडी बांधांवरून ओलांडत जाते. गावं सोडली की ठरलेला थांबा असा नसतो. हात केला की बस थांबते. एसटीच्या 'हात दाखवा, गाडी थांबवा'वर वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. बस म्हणजे छोटी मिनीबस. तीत शाळेची मुलं असतात, औषधाचं पाकीट एखाद्या फाटकाशी पोचवायचं असतं, आणि ड्रायव्हर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत असतो. रस्ता एकेरी, दर थोड्या अंतरावर बाजूला घ्यायची जागा. कोणी कुणासाठी थांबायचं याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी सर्वांना पाठ आहेत, आणि भाड्याच्या गाडीतले पाहुणे ते रोज मोडतात.

बर्नरेहून हॅरिसला जाणारी बोट तासाभराची आहे, पण नकाशावर अंतर पाहिलं तर एवढा वेळ का लागतो कळत नाही. डेकवर उभं राहिलं की कळतं. मधली खाडी खडकांनी आणि पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यांनी भरलेली आहे, आणि बोट लाल-हिरव्या खुणांच्या मधून वळणावळणाने जाते. कधी समोरचा धक्का डावीकडे दिसतो, कधी चक्क मागे. अंधारात ही बोट चालत नाही. उतरतो त्या गावाचं नाव लीव्हरबरा. सनलाइट आणि लाइफबॉय साबणांचा मालक विल्यम लीव्हर याने १९१८-१९ मध्ये लुईस आणि हॅरिस विकत घेतली आणि इथे मोठं मासेमारी बंदर उभं करायचं ठरवलं. गावाला आपलं नाव दिलं. १९२५ मध्ये तो वारला आणि बेत तिथेच बारगळला.

हॅरिसमधल्या रेनिगडेलविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे मोटररस्ता पोचला तोच १९९० च्या सुमारास. तोवर पोस्टमन टार्बर्टकडून डोंगर ओलांडून पायी टपाल आणायचा, मुलं त्याच वाटेने शाळेला. ती वाट अजून आहे. समुद्रालगतच्या उतारावर ती इतक्या आखूड नागमोडींनी खाली जाते, की खालून पाहिलं तर पोस्टमनने रोज उतरावं म्हणून कुणी मुद्दाम मोजून घातली असावी असं वाटतं. टोकाला साधं वसतिगृह आहे, जुनं दगडी घर, शेगडी, भिंतीला टांगलेले ओले मोजे. गाडीने आलेलं माणूस रस्त्याने दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचतं, फोटो काढतं आणि 'इथे काहीच नाही' म्हणून जातं. ते चुकीचं बोलत नाही.

आता अडचणी. रविवारी आउटर हेब्रिडीजमध्ये बस नसते. हॅरिस-लुईस कडवी प्रॉटेस्टंट बेटं; शब्बाथ तिथे अजून पाळला जातो. लुईसच्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारची बोट सुरू झाली ती जुलै २००९ मध्ये, आणि तेव्हा धक्क्यावर काही लोक प्रार्थना करत उभे होते. शनिवारी संध्याकाळी शेवटची बस चुकली की सोमवार सकाळपर्यंत तुम्ही आहात तिथेच आहात, आणि खायला जे असेल तेच आहे. दक्षिणेकडची बॅरा आणि साउथ यूइस्ट कॅथलिक. तिथे रविवारी वागणं सैल, पण बस तिथेही नाहीच. कॅलनिशच्या प्रागैतिहासिक शिळावर्तुळापर्यंत स्टॉर्नोवेहून डब्ल्यू-२ बस नीट जाते. लस्केंटायरच्या पांढऱ्या वाळूला मात्र फाट्यावर उतरून तंगडतोड करावी लागते, आणि परतीची बस चार तासांनी असते. पाऊस येतोच. वारा नसेल तर मिज नावाची चिलटं येतात. दोहोंपैकी मी पाऊस निवडेन. वयस्क मंडळींनी, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी, हा प्रवास असाच करावा असा माझा आग्रह नाही.

आणि हवामानापुढे वेळापत्रक म्हणजे नुसती इच्छा. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉस्वेल १७७३ च्या शरद ऋतूत ही बेटं फिरले, तेव्हा जॉन्सन चौसष्टीत होता आणि अंगाने चांगलाच अवजड. स्कायहून मलला निघालेली त्यांची होडी वादळाने कॉलला नेऊन टाकली, आणि दहाएक दिवस ते तिथे अडकून पडले. दोघांच्याही पुस्तकांत कॉलची पानं वाचण्यासारखी आहेत. ठरलं तसं झालं असतं तर ती लिहिलीच गेली नसती.

स्टॉर्नोवे बंदरात शिरताना उजव्या हाताच्या कठड्यावर उभं राहावं असं मी सुचवेन. होमच्या खडकांपाशी एक स्मारक दिसतं. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, महायुद्ध संपवून घरी परतणारे नौसैनिक घेऊन आलेली 'आयोलेर' ही बोट तिथे खडकावर आपटली आणि २०१ माणसं गेली. बंदराचे दिवे दिसत होते, नववर्षासाठी घरोघर चुली पेटलेल्या होत्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात त्याच्या पुढच्या पिढ्याही ते नाव घेताना आवाज खाली आणतात. लुईसमध्ये 'आयोलेर'विषयी कित्येक दशकं घरात बोललंच जात नसे.

त्याच बंदराच्या समोर, झाडीतून डोकावणारा एक वाडा आहे, लूज कॅसल. तो जेम्स मॅथेसनने बांधला. जार्डिन-मॅथेसन कंपनीतला हा भागीदार चीनला अफू विकून गब्बर झाला आणि १८४४ मध्ये त्याने अख्खं लुईस बेट विकत घेतलं. त्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा, आणि तो मुंबई बंदरातून जाई. मुंबईतला त्या कंपनीचा मोठा व्यापारी सहकारी म्हणजे जमशेटजी जीजीभाई. वाडा आणि भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय यांच्या पायात एकाच व्यापाराचा पैसा आहे, हे वाड्याच्या बागेत बाकावर बसून सँडविच खाताना मनात येतं आणि सँडविच जरा जड जातं. या धाग्यावर शेवटची दोन प्रकरणं बेतली आहेत. प्रवासवर्णनात इतिहास फार झाला असं तिथे कुणाला वाटलं, तर त्यांनी खुशाल पानं उलटावीत.

पुस्तकात भाड्याचे आकडे आणि बोटींच्या वेळा दिलेल्या नाहीत. त्या छापून होईस्तोवर बदलतात. उन्हाळी वेळापत्रक साधारण मार्चअखेर सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी संपतं, हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, एवढं लक्षात ठेवून निघण्याआधी ताजा कागद पाहावा. बसचंही तेच. नकाशे मात्र दिले आहेत, आणि त्यांच्यावर फक्त बोटीच्या, बसच्या आणि पायवाटांच्या रेघा आहेत. शाकाहारी वाचकांसाठी कुठे काय मिळालं ते त्या त्या प्रकरणात आहे. बोट लागणाऱ्यांसाठी इतकंच: मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्याशी बसा, आणि मॅकरोनी परतीच्या प्रवासाला ठेवा.

पहिलं प्रकरण ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून सुरू होतं. ओबनचं स्टेशन धक्क्याला लागूनच आहे, आणि मॅलेगचंही धक्क्यापासून चार पावलांवर, त्यामुळे पायी उतारूला मधे काही करावं लागत नाही. फक्त गाडीत बसतानाच डबा कुठला आहे ते विचारून घ्या. बऱ्याचदा क्रियनलॅरिकला गाडीचे दोन तुकडे होतात. एक ओबनला जातो, दुसरा मॅलेगला.